कडा आणि माळ : दुर्मीळ वनस्पतींच्या अभ्यासाची प्रस्तावना

दुर्मीळ वनस्पतींवरचे पुस्तक हाती घेतले की वाचक आधी याद्या शोधतो. कोणती वनस्पती ‘संकटग्रस्त’, कोणती ‘असुरक्षित’, कोणती नामशेष व्हायच्या बेतात. याद्या लागतातच, त्यांच्यावाचून सरकारदरबारी पत्र लिहिता येत नाही आणि संशोधनासाठी पैसेही मागता येत नाहीत. पण याद्यांच्या दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला नावे पाठ होतात, झाडे भेटत नाहीत, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून या प्रस्तावनेत मी दोनच वनस्पती घेणार आहे. दोन्ही महाराष्ट्रातल्या, दोन्ही एकाच कुळातल्या, मांसल खोडाच्या, पाऊस ओसरता ओसरता फुलणाऱ्या, आणि दोन्ही गुराख्यांनी रानात कच्च्या खाल्लेल्या. एक शिंदळ माकुडी, दुसरी माकडशिंग. पहिलीचे नाव दुर्मीळ वनस्पतींच्या कोणत्याही चर्चेत निघते. दुसरीचे निघतेच असे नाही, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच आहे.

दोघींचे कूळ रुईचे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती रुई. रुईचा पांढरा चीक मात्र या दोघींत नाही. खोड मोडले तर पाण्यासारखा रस येतो, म्हणून तर ती खाता येतात. साम्य पाहायचे ते फुलात आणि फळात. या कुळात परागकण सुटे, भुकटीसारखे नसतात. ते मेणचट पिशव्यांत भरलेले असतात, आणि अशा दोन पिशव्या एका बारीकशा चिमट्याने जोडलेल्या असतात. फुलावर बसलेल्या माशीचा पाय, सोंड किंवा एखादा केस त्या चिमट्यात अडकतो, माशी जोर लावून सुटते आणि दोन्ही पिशव्या घेऊन जाते. पुढच्या फुलात त्यातली एक पिशवी नेमक्या खाचेत अडकली, तरच बी धरते. इतकी अटींची साखळी असल्यावर फुलांच्या मानाने फळे थोडी लागणार हे उघड आहे. जे लागते ते भरपूर देते: शिंगांच्या जोडीसारख्या दोन शेंगा, त्यात दाटीने बसलेल्या चपट्या बिया, प्रत्येक बीला रेशमी झुपका. लहानपणी आपण ज्यांच्यामागे धावतो त्या म्हाताऱ्या याच घराण्यातल्या.

एवढे साम्य लक्षात ठेवले म्हणजे पुढचा फरक नीट कळतो.

शिंदळ माकुडीचे घर सह्याद्रीचा कातळकडा. जुन्नर-शिवनेरी, पुरंदर आणि त्याला खेटून असलेला वज्रगड, अशा डोंगरांच्या उभ्या अंगावर, बसाल्टच्या फटीत चिमूटभर माती साठते तिथे ती मूळ धरते आणि बोटभर जाडीच्या, गोलसर, राखाडी-हिरव्या फांद्या खाली सोडते. उन्हाळ्यात पाहिली तर कुणी वरून टाकलेल्या वाळक्या काड्या वाटतील. पाऊस लागला की त्या फांद्यांना पाने फुटतात, आणि इथे ती आपल्या भाऊबंदांपासून वेगळी पडते. तिच्या गटातल्या मांसल वनस्पतींनी पाने जवळजवळ सोडूनच दिली आहेत. असली तरी खवल्याएवढी, लवकर झडणारी. हिला मात्र चांगली हिरवीगार, डोळ्यांत भरणारी पाने येतात आणि कोरडे दिवस आले की गळतात.

ही पाने नुसती शोभेची नव्हेत. १९७७ मध्ये ओ. एल. लांगे आणि एम. झुबर यांनी ‘इकॉलॉजिया’ या नियतकालिकात या झाडाच्या श्वासोच्छ्वासाचा आणि अन्ननिर्मितीचा अभ्यास छापला. त्यात दिसले ते असे की, खोड निवडुंगाच्या रीतीने चालते. रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रे मिटून, पाणी न गमावता, त्याचे अन्न करायचे. पाने मात्र आंब्या-वडाच्या पानांसारखी दिवसाउजेडी सरळ काम करतात. ओल्या चार महिन्यांत पानांनी झपाट्याने कमवायचे आणि कोरड्या आठ महिन्यांत खोडाने पुरवून खायचे, असा हा संसार आहे. एका झाडात दोन्ही पद्धती अशा शेजारी-शेजारी नांदताना पाहायला मिळणे ही शरीरक्रिया शिकणाऱ्यासाठी पर्वणीच. कोकणातल्या धो-धो पावसाच्या आणि देशावरच्या कोरड्या उन्हाच्या मधल्या पट्ट्यातले हवामान तिने खोडात आणि पानात वाटून घेतले आहे, असे मला हे वाचल्यापासून वाटत आले आहे.

फूल साधारण दोन सेंटिमीटरचे, पाच टोकांच्या चपट्या चांदणीसारखे, गडद तांबडे, त्यावर पिवळे ठिपके किंवा पट्टे आणि कडेला केसांची झालर. सप्टेंबर-ऑक्टोबरात कड्याखालून दुर्बीण लावून पाहिले तर हिरव्या पानांत हे लाल ठिपके ओळखू येतात. जवळ जायचा मोह आवरावा. त्याबद्दल पुढे येईलच.

शास्त्रात तिची पहिली नोंद झाली ती एकोणिसाव्या शतकात, १८६०च्या दशकाच्या मध्यावर. निकोल अलेक्झांडर डाल्झेल हा मुंबई इलाख्यातल्या जंगलखात्याचा अधिकारी. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला होता. जुन्नरजवळ हिवरे येथे तेव्हा सरकारची वनस्पती-बाग होती, गिब्सन तिची व्यवस्था पाहत असे, आणि त्या निमित्ताने या डोंगरांवर वनस्पतिशास्त्रज्ञांची ये-जा होती. आपल्याकडच्या कित्येक दुर्मीळ वनस्पतींचे पहिले ठिकाण एखाद्या बागेच्या, छावणीच्या किंवा थंड हवेच्या गावाच्या आसपासचे का असते, याचे उत्तर वनस्पतीपेक्षा साहेबाच्या मुक्कामात जास्त सापडते. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे. नोंद नाही म्हणजे वनस्पती नाही, असे होत नाही. डाल्झेलने हिच्यासाठी नवा वंश उभा केला आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला दिले: फ्रेरिया इंडिका. एका वंशात एकच जाती, तीही जगात फक्त महाराष्ट्राच्या डोंगरांत. तिची कीर्ती या एका वाक्यावर उभी राहिली.

त्या वाक्याचे पुढे काय झाले ते नव्या अभ्यासकाने जाणून घेण्यासारखे आहे. १९५८ मध्ये गॉर्डन रॉली यांनी तिला कॅरालुमा या वंशात घातले. त्या वंशात ‘इंडिका’ नावाची जाती आधीच होती, म्हणून हिचे नाव कॅरालुमा फ्रेरी झाले. गव्हर्नरसाहेब वंशनामातून उतरून जातिनामात बसले. नंतर काहींनी तिला बूसेरोशिया या वंशात हलवले. मग जनुकांच्या तुलनेचे दिवस आले, आणि २०१७ मध्ये पीटर ब्रॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या मांसल खोडांच्या वंशांना सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या वंशात, विलीन करावे असे मांडले. ते सर्वांना मान्य नाही, वाद चालू आहे. पण मानले तर शिंदळ माकुडी आणि माकडशिंग या आज एका वंशातल्या बहिणी ठरतात, आणि ‘एकुलती एक’ हे बिरूद गळून पडते.

मग तिचे मोल कमी झाले का? मला विचाराल तर नाही. कड्यावरच्या झाडाला आपल्या वंशनामाची खबर नसते. तरीही हा प्रश्न टाळता येत नाही, कारण संवर्धनाचा पैसा आणि लोकांचे लक्ष अशाच बिरुदांच्या मागे जाते. ज्या वनस्पतीचे संवर्धन तिच्या वेगळेपणाच्या जोरावर मागितले, ते वेगळेपण वर्गीकरणाच्या एका निबंधाने पुसले जाऊ शकते. ज्याने तिची पाने आणि खोड अभ्यासले आहे त्याच्या हातात मात्र न पुसली जाणारी कारणे असतात.

आता माकडशिंग. याच्यासाठी कडा शोधायला नको. देशावरच्या, मराठवाड्याच्या, पुढे कर्नाटक-तेलंगण-आंध्रच्या कोरड्या माळांवर, मुरमाड टेकड्यांवर, काटेरी झुडपांच्या आणि निवडुंगाच्या बुडाशी हे उभे असते. खोड सरळ, चौकोनी, टोकाकडे निमुळते होत गेलेले. पाने अशी की आहेत म्हणावे तर दिसत नाहीत. टोकाकडच्या भागात लहानशी, मान खाली घातलेली फुले लागतात. जांभळट-तपकिरी रंग, त्यावर पिवळसर आडव्या रेघा, पाकळ्यांच्या कडांना वाऱ्याने थरथरणारे केस. विल्यम रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात या झाडाच्या जातीचे वर्णन केले. झुडपाच्या सावलीत का उगवते, तर तिथे बी अडकते, ऊन कमी लागते आणि शेळीचे तोंड पोचत नाही. झुडूप तोडले की झाड उघडे पडते.

त्याचा खाण्यातला उपयोग जुना आहे. गुराखी आणि शिकारी खोडाचे तुकडे चघळत. त्याने भूक मरते आणि तहान लांबते असा अनुभव होता. दक्षिणेत त्याची चटणी आणि लोणचेही करतात. याच ‘भूक मरते’वर पुढे एक मोठा व्यापार उभा राहिला. गेल्या काही दशकांत माकडशिंगाचा अर्क वजन कमी करण्याच्या गोळ्यांत जगभर विकला जाऊ लागला. २००७ मध्ये ‘अ‍ॅपेटाइट’ या नियतकालिकात बंगळूरच्या संशोधकांची एक चाचणी प्रसिद्ध झाली: ५० प्रौढ माणसे, ६० दिवस, रोज एक ग्रॅम अर्क. भुकेची भावना आणि कंबरेचा घेर कमी झाल्याचे आढळले. वजनातला फरक मात्र नुसती बनावट गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत लक्षात घ्यावा इतका निघाला नाही. जाहिरातींत पहिला अर्धा भाग येतो.

एका औषधाचे खरे-खोटे हा या पुस्तकाचा विषय नाही. पण माळावरची वनस्पती कारखान्याचा कच्चा माल होते तेव्हा तिच्या जगण्याचे गणित बदलते, हा आहे. गुराखी एक फांदी मोडतो आणि बुंधा राहतो. वजनावर माल देणारा माणूस मुळासकट उपटतो, तेही झाड मांसल आणि रसरशीत असते तेव्हा, म्हणजे शेंगा पिकून म्हाताऱ्या उडण्याच्या आधी. त्या वर्षीचे झाडही गेले आणि पुढच्या वर्षीचे बीही. हे होते कुठे? ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो तिथे. माळरानाची नोंद सरकारी दफ्तरात पडीक म्हणून झाली की तिथे मुरूम खणायला, प्लॉट पाडायला, सौर पॅनेल लावायला किंवा गिरिपुष्पाची लागवड करायला कुणाच्या मनाला टोचत नाही. शेवटचे तर ‘वृक्षारोपण’ म्हणून साजरेही होते. माळावर झाडे लावून माळाच्या वनस्पती मारता येतात, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही.

दोन्ही झाडे डोळ्यांसमोर आली. आता ‘दुर्मीळ’ म्हणजे काय हे विचारता येईल.

या प्रश्नाचे मला सर्वांत उपयोगी वाटलेले उत्तर अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये दिले. त्यांनी एका प्रश्नाचे तीन केले. वनस्पतीचा भौगोलिक पसारा केवढा? तिला अधिवास खास लागतो की कुठलाही चालतो? आणि जिथे आहे तिथे ती दाट आहे की विरळ? तीन प्रश्नांची दोन-दोन उत्तरे धरली की आठ शक्यता होतात. त्यातली एक, म्हणजे सगळीकडे पसरलेली, कुठेही उगवणारी आणि दाट, ही सामान्य वनस्पती. उरलेल्या सात, सात तऱ्हेच्या दुर्मीळ. शिंदळ माकुडी तिन्ही प्रश्नांत दुर्मीळ निघते: पसारा छोटा, अधिवास खास, संख्या थोडी. माकडशिंग पहिल्या प्रश्नात पास होते, दुसऱ्यात काठावर, पण तिसऱ्यात अडते. ते पुष्कळ ठिकाणी आहे आणि बहुतेक ठिकाणी थोडेच आहे. हीही दुर्मीळताच, पण नकाशावर न दिसणारी. नकाशावर ठिपके भरपूर असतात, आणि एकेक ठिपका पुसला जाताना कुणी तिथे उभे नसते.

या पार्श्वभूमीवर दर्जाच्या याद्या वाचाव्यात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, लाल यादी हे या क्षेत्रातले मुख्य माप. १९९४पर्यंत त्या यादीतले शब्द जाणकारांच्या अंदाजावर ठरत. त्यानंतर आकड्यांचे निकष आले, आणि २००१पासून चालत आलेली आवृत्ती आजही वापरात आहे. ढोबळ मानाने पाच वाटांनी वनस्पती यादीत येते: संख्येत झालेली घट, भौगोलिक पसाऱ्याचा लहानपणा, छोटी आणि घटती संख्या, अगदीच छोटी संख्या, आणि नामशेष होण्याच्या शक्यतेचे गणित. उदाहरणार्थ, १० वर्षांत किंवा तीन पिढ्यांत ३० टक्के घट झाली तर ‘असुरक्षित’, ५० टक्के झाली तर ‘संकटग्रस्त’, ८० टक्के झाली तर ‘अतिसंकटग्रस्त’.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८७ ते १९९० या काळात भारतीय वनस्पतींचे ‘रेड डेटा बुक’ तीन खंडांत काढले. नायर आणि शास्त्री हे त्याचे संपादक. शिंदळ माकुडीचे नाव तिथे आहे. पण ते खंड आकड्यांचे निकष येण्याच्या आधीचे. त्यातला ‘संकटग्रस्त’ आणि आजचा ‘संकटग्रस्त’ एकच समजून दोन्ही एका तक्त्यात मांडणारे प्रबंध मी वाचले आहेत, आणि ते वाचताना हाताला लाल पेन्सिल लागतेच. दर्जा लिहिताना त्याच्यासोबत वर्ष लिहावे, निकष लिहावा. आपला सीतेचा अशोक जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला तो १९९८ मध्ये; त्यानंतर सालीच्या बाजारात किती पाणी वाहून गेले याचा हिशेब त्या एका शब्दात नाही.

आकड्यांचे निकष आले म्हणून सगळे सुटले असेही नाही. कड्यावरच्या वनस्पतीचे उदाहरण घ्या. प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र मोजायला आययूसीएन दोन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद चौकटीची जाळी सुचवते. एका चौकटीत वनस्पती सापडली की चार चौरस किलोमीटर धरायचे. आता शिवनेरीसारखा कडा नकाशावर पाहा: वरून पाहिलेल्या कागदावर उभी भिंत ही नुसती एक रेघ. त्या रेघेवरच्या चार-दोन फटींत वाढणाऱ्या झाडाच्या नावावर आपण चार चौरस किलोमीटर मांडतो. उलट, कड्याचा उभा पृष्ठभाग मोजायचा तर कागदावरच्या रेघेपेक्षा जागा पुष्कळ निघते, पण तिच्यावर चढून मोजणार कोण? अशा वनस्पतींच्या बाबतीत जागा मोजण्यापेक्षा झाडे मोजावीत, दुर्बिणीने आणि एकाच ठिकाणाहून, वर्षानुवर्षे. ड्रोनने काम सोपे केले आहे, तरी गडांवर त्याला परवानगी लागते हे विसरू नये.

माकडशिंगाची अडचण नेमकी उलटी. त्याचा पसारा एवढा की क्षेत्राच्या निकषावर ते यादीच्या जवळपासही येणार नाही. ते यायचे तर घटीच्या वाटेनेच, आणि घट दाखवायला आधीची मोजणी हवी. आधी ते सामान्य होते म्हणून कुणी मोजले नाही. मोजले नाही म्हणून घट दिसत नाही. घट दिसत नाही म्हणून ते सामान्यच राहते. या चक्रातून सुटायला जुन्या हर्बेरियमचा उपयोग होतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातले सर्वेक्षण संस्थेचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे संग्रह, इथल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर गाव, तारीख आणि कधीकधी ‘विपुल’ असा एक शब्द असतो. त्या गावी त्याच महिन्यात पुन्हा जाऊन पाहणे, एवढ्यावर एक चांगला प्रबंध होतो. मार्गदर्शकांना तो फार साधा वाटतो, म्हणून होत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींसाठी वेगळे प्रकरण आले ते १९९१ मध्ये, आणि तेव्हा संरक्षित वनस्पतींच्या परिशिष्टात अवघ्या सहा नोंदी होत्या. शिंदळ माकुडी त्यात नव्हती. २०२२च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेररचना झाली. २००२च्या जैवविविधता कायद्याने धोक्यातल्या जाती अधिसूचित करण्याची सोय केली आणि गावपातळीवर समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले. माझ्या मते माकडशिंगासारख्या वनस्पतीला खरा आधार मिळू शकतो तो या नोंदवहीतून, कारण ती लिहिताना ज्याला विचारायचे तो मेंढपाळ अजून माळावर आहे. मात्र नोंदवहीत नाव लिहिताना जपावे. शिंदळ माकड, शिंदळ माकुडी, माकडशेंग ही नावे गावागणिक एकमेकांच्या जागी वापरली जातात. नमुन्याचा फोटो जोडल्याशिवाय ती नोंद निरुपयोगी.

आता एक कोडे. शिंदळ माकुडी कुंडीत लावायला अगदी सोपी आहे. फांदीचा तुकडा दोन दिवस सुकवून रेताड मातीत खोचला की मूळ धरतो. परदेशातल्या निवडुंगप्रेमींच्या काचघरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचे संकरही झाले आहेत. मग तिला दुर्मीळ कशी म्हणायची? लाल यादीचा नियम स्पष्ट आहे: मोजायची ती रानातली झाडे. आणि नियमामागे कारण आहे. एका झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभर कुंड्या होतात, झाड मात्र जनुकांच्या हिशेबात एकच राहते. या गटात स्वतःच्याच परागांनी सहसा बी धरत नाही, तेव्हा अशी शंभर झाडे कड्यावर नेऊन लावली तरी त्यांच्यात शेंग धरण्याची आशा थोडीच. रोपवाटिका उभारायची तर वेगवेगळ्या डोंगरांवरच्या झाडांच्या फांद्या, प्रत्येकीची जन्मखूण लिहून, वेगळ्या वाढवाव्या लागतात, आणि परत लावताना पुरंदरची शिवनेरीला जाऊ नये हे पाहावे लागते. कुंडीतली विपुलता एक मोठे काम मात्र करते: संग्राहकाला हवी ती वनस्पती रोपवाटिकेतून मिळाली तर तो कडा ओरबाडत नाही. सोपी वाढते ती वनस्पती खुशाल विकावी, स्वस्त विकावी, असे माझे मत आहे. बऱ्याच सहकाऱ्यांना ते पटत नाही.

दुसरे कोडे लहान, पण वर्गात हमखास रंगते. बिबळ्या कडवा नावाचे नारिंगी फुलपाखरू रुईच्या कुळावर अंडी घालते. त्याच्या अळ्या शिंदळ माकुडीही खातात. फुलपाखरू सर्वत्र आढळणारे, वनस्पती मोजकी. अळ्या वेचायच्या का? रोपवाटिकेत वेचाव्यात, कड्यावर वेचू नयेत, असे मी सांगतो. कड्यावर त्या दोघांचा व्यवहार आपल्या यादीच्या फार आधीपासून चालू आहे, आणि वणवा, दरड, शेळ्या व माणसांचे हात ही तिथली खरी संकटे आहेत. वणव्याचे तर विशेष. डोंगरमाथ्यावरचे गवत पेटवले की आग कड्याच्या काठावर येऊन थांबते असे वाटते, पण फटीतले वाळके गवत धरून ती खालीही उतरते, आणि रसाने भरलेले खोड शिजून जाते.

पुस्तकातली पुढची प्रकरणे ज्यांना बाहेर जाऊन वाचायची आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. कड्यावरच्या वनस्पतीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते काढूनच फोटो पाठवावा. तालुका लिहिला तरी अभ्यासाला पुरते. नमुना गोळा करायची गरज आहे का, हे आधी हर्बेरियममध्ये विचारावे. बहुतेक वेळा नसते. माळावर गेलात तर झुडपाच्या बुडाशी वाकून पाहावे, आणि सापडलेल्या झाडांबरोबर न सापडलेली झुडपेही मोजावीत. वीस झुडपांपैकी तिघांखाली माकडशिंग, ही नोंद ‘माकडशिंग दिसले’ यापेक्षा दसपट मोलाची, कारण पाच वर्षांनी कुणीतरी येऊन तीच झुडपे पुन्हा मोजू शकते. मेंढपाळाला विचारताना ‘ही वनस्पती इथे आहे का’ असे विचारू नये. ‘लहानपणी कुठे खायचात आणि आता कुठे मिळते’ असे विचारावे. उत्तर लांबते, पण घटीचा जो पुरावा कुठल्याच वहीत नाही तो त्यात मिळतो.

हंगाम म्हणाल तर गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंतचा. दहापट दाखवणारे भिंग, दुर्बीण, वही आणि शिसपेन्सिल एवढे पुरते. शाई पावसात पसरते.